मुदत कोणाच्या आयुष्यातली? ऊर्जा संक्रमणाचं भूराजकारण आणि तरुण पिढी

नदीकाठ

कामामुळे मला खाणींचे, कर्जांचे आणि वीजखरेदीचे करार वाचावे लागतात. सुरुवातीला मी रकमा बघायचे. आता नजर आधी मुदतीच्या कलमावर जाते, आणि गेले काही महिने त्याच एका कलमावरून डोक्यात विचार सुरू आहे. तो इथे मांडते.

पनामात कोब्रे पनामा नावाची तांब्याची प्रचंड खाण आहे. देशाच्या एकूण उत्पन्नातला सुमारे ५ टक्के वाटा आणि जगातलं जवळपास १ टक्का तांबं या एका खाणीतून येत होतं. २० ऑक्टोबर २०२३ रोजी तिथल्या संसदेने खाणीचा नवा करार मंजूर केला. मुदत २० वर्षं, आणि पुढे आणखी २० वर्षं वाढवायची सोय. त्या दिवशी वीस वर्षांची असलेली मुलगी वाढीव मुदत संपेपर्यंत साठीला टेकली असती. सह्या करणारे बहुतेक जण तोवर हयातही नसते. पुढचे काही आठवडे देश रस्त्यावर उतरला होता. शिक्षक, बांधकाम कामगार, मूलनिवासी समाज आणि फार मोठ्या संख्येने तरुण मुलं-मुली. २८ नोव्हेंबरला सर्वोच्च न्यायालयाने करार घटनाबाह्य ठरवला आणि खाण बंद पडली.

याची दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. तांब्याशिवाय विजेची तार नाही, मोटर नाही, पवनचक्की नाही. तेल-कोळशापासून सुटायचं तर तांबं लागणारच. म्हणजे तरुणांच्याच एका मागणीने (जंगल आणि पाणी वाचवा) तरुणांच्याच दुसऱ्या मागणीची (लवकर विजेकडे वळा) वाट अडवली का? हा प्रश्न मला खूप छळतो. तो टाळून 'तरुण हेच भविष्य' असं लिहिण्यात काही अर्थ नाही.

आता थोडं मागे जाऊ. १९७३ च्या ऑक्टोबरमध्ये अरब तेल उत्पादक देशांनी तेल रोखलं आणि काही महिन्यांत पिंपाचा भाव ३ डॉलरवरून १२ डॉलरच्या घरात गेला. श्रीमंत देशांनी घाईघाईने १९७४ मध्ये आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्था उभारली. तेव्हापासून ऊर्जेचं राजकारण म्हणजे नळ कोणाच्या हातात, असंच समीकरण मनात बसलं. २०२२ मध्ये युरोपने ते पुन्हा अनुभवलं. रशियाने युक्रेनवर हल्ला केला तेव्हा युरोपीय संघाच्या आयात वायूपैकी ४० टक्क्यांहून अधिक वायू रशियातून येत होता.

सूर्य आणि वारा कोणी अडवू शकत नाही, म्हणून नव्या ऊर्जेत हे राजकारण संपेल, अशी एक भाबडी आशा आहे. ती मला पटत नाही. राजकारण इंधनावरून यंत्रावर सरकलं आहे. सौर पॅनेल बनवण्याच्या प्रत्येक टप्प्यात चीनचा वाटा ८० टक्क्यांच्या वर आहे. दुर्मिळ मृदा खनिजांच्या (मोटारी आणि पवनचक्क्यांच्या चुंबकांत लागणाऱ्या धातूंच्या) शुद्धीकरणात तो ९० टक्क्यांच्या आसपास आहे. २०२३ मध्ये चीनने गॅलियम, जर्मेनियम आणि ग्राफाइटच्या निर्यातीवर परवान्याची अट घातली, एप्रिल २०२५ मध्ये सात दुर्मिळ मृदा मूलद्रव्यांवर. मोटारींचे कारखाने काही आठवड्यांत अडखळू लागले.

तरीही एक मोठा फरक आहे, आणि माझ्या मते या सगळ्या विषयाची किल्ली तिथे आहे. तेल थांबलं की गाडी काही दिवसांत थांबते. पॅनेलची आयात थांबली तर छतावर बसवलेलं पॅनेल वीज देतच राहतं, पंचवीस वर्षं. तेल जळून जातं, तांबं आणि लिथियम वितळवून पुन्हा वापरता येतं. त्यामुळे नव्या ऊर्जेतलं परावलंबन रोजचं नाही, ते उभारणीच्या वेळचं आहे. कोणाकडून यंत्रं घेतली, कोणत्या व्याजाने कर्ज काढलं, खाण किती वर्षांसाठी दिली, हे एकदा ठरतं आणि मग दोन-तीन दशकं आपण त्यात बांधलेले असतो. असे निर्णय जगभर याच दहा-पंधरा वर्षांत होत आहेत. पंचविशीच्या आतल्या पिढीचं सगळं कामाचं आयुष्य त्या मुदतींच्या आत जाणार आहे, आणि सही करताना ती पिढी खोलीत नसते.

तरुणांना परिषदांत व्यासपीठ मिळतं. २०२३ च्या दुबई हवामान परिषदेत तरुणांसाठी प्रतिनिधीपद कायमस्वरूपी निर्माण झालं, ते चांगलंच आहे. मला मात्र त्यांनी कलमांपर्यंत पोचलेलं पाहायचं आहे. कुठे पोचलेत, कसे पोचलेत, आणि पोचल्यावर काय बिघडलं किंवा सुधारलं, यावर तुमचं मत हवं आहे.

---

तिसरा प्रहर

धागा आवडला, पण पायाच मला मान्य नाही. 'संक्रमण' म्हणजे एक सोडून दुसरं धरणं. जगाने अजून काहीही सोडलेलं नाही. २०२४ मध्ये कोळशाचा जागतिक वापर सुमारे ८.८ अब्ज टनांवर गेला, तोवरचा सर्वाधिक. प्राथमिक ऊर्जेत तेल, कोळसा आणि वायू मिळून अजून ८० टक्क्यांच्या आसपास आहेत. जुन्याच्या डोक्यावर नवं रचलं जातंय, एवढंच.

दुसरं म्हणजे ऊर्जाबदल नेहमी राज्यसत्तेने आपल्या गरजेपोटी केले. ब्रिटिश आरमार कोळशावरून तेलावर गेलं ते चर्चिल आरमारमंत्री असताना, आणि १९१४ मध्ये ब्रिटिश सरकारने इराणमध्ये तेल काढणाऱ्या अँग्लो-पर्शियन तेल कंपनीत बहुमताचा हिस्सा घेतला. घरचा कोळसा सोडून परक्या मुलखातल्या तेलावर अवलंबून राहायचा निर्णय होता तो. इराणमधल्या तरुणांना कोणी विचारलं होतं? मुदतीचा मुद्दा योग्य आहे, पण सहीची ताकद ज्याच्याकडे आरमार, पैसा आणि कारखाने आहेत त्याच्याकडेच राहणार. तरुणांना त्यात खरोखर जागा आहे असं सांगून आपण त्यांची फसवणूक तर करत नाही ना?

---

वीजवाहक

आयुष्यभर उच्चदाब वाहिन्यांचं काम केलं, म्हणून विजेच्या बाजूने लिहितो. पॅनेल आणि बॅटरीवर सगळे बोलतात, ग्रीडचं राजकारण कोणाच्या लक्षात येत नाही.

युक्रेनचं ग्रीड सोव्हिएत काळापासून रशिया आणि बेलारूसच्या ग्रीडशी जोडलेलं होतं. युरोपीय ग्रीडमध्ये जायचं तर आधी आपण एकटे तग धरू शकतो हे सिद्ध करावं लागतं. त्यासाठी तीन दिवसांची चाचणी ठरली होती. २४ फेब्रुवारी २०२२ च्या पहाटे त्यांनी जुनी जोडणी तोडली, आणि काही तासांत हल्ला सुरू झाला. परत जोडून घेण्याचा प्रश्नच नव्हता. बॉम्बवर्षावात तिथल्या नियंत्रण कक्षांनी तीन आठवडे संपूर्ण देशाची फ्रिक्वेन्सी, म्हणजे वीजनिर्मिती आणि वापराचा तोल, एकट्याने सांभाळली. १६ मार्चला युक्रेन आणि मोल्डोव्हा युरोपच्या ग्रीडला जोडले गेले. वर्षभराहून जास्त लागणारं काम तीन आठवड्यांत झालं. आमच्या धंद्यातल्या माणसाला हे वाचताना अंगावर काटा येतो. पुढे फेब्रुवारी २०२५ मध्ये एस्टोनिया, लाटव्हिया आणि लिथुआनियाने तेच केलं, ८ तारखेला रशियाच्या ग्रीडमधून बाहेर पडले आणि ९ तारखेला युरोपच्या ग्रीडमध्ये आले.

तर तिसरा प्रहर, माझं म्हणणं असं की ताकद फक्त आरमारात नसते. ती नियंत्रण कक्षात खुर्चीवर बसलेल्या माणसातही असते. २०२३ मध्ये अक्षय ऊर्जेत जगभर १ कोटी ६२ लाख लोक काम करत होते, त्यातले ४६ टक्के एकट्या चीनमध्ये. लोक म्हणतात, चीनने कारखाने उभारले. त्याआधी आणि त्याबरोबर त्याने माणसं तयार केली. रिले संरक्षण (बिघाड झाला की वाहिनी आपोआप तोडणारी यंत्रणा) समजणारा, सबस्टेशन चालू करू शकणारा, बॅटरीची आग विझवू शकणारा तरुण ज्या देशाकडे नाही, त्याला यंत्राबरोबर माणूसही आयात करावा लागतो, आणि यंत्राच्या देखभालीचा करारही परक्याच्या अटींवर करावा लागतो. नदीकाठ, तुमच्या कलमांच्या यादीत ते एक कलम घाला: देखभाल कोण करणार आणि सॉफ्टवेअरची चावी कोणाकडे राहणार.

---

कोरा कागद

वाचतेय. युक्रेनच्या चाचणीची गोष्ट माहीत नव्हती. वीजवाहक, यावर स्वतंत्र धागा काढाल का?

---

मृगनक्षत्र

तिसरा प्रहर यांच्या प्रश्नाला वकिलाच्या बाजूने उत्तर देते. तरुणांना जागा आहे का? कोणी दिलेली नाही, पण काहींनी ती काढून घेतली आहे.

२०१९ मध्ये वानुआतूतल्या एका विद्यापीठाच्या आवारात पॅसिफिक बेटांवरचे कायद्याचे २७ विद्यार्थी बसले आणि त्यांनी ठरवलं की हवामानाच्या प्रश्नावर आंतरराष्ट्रीय न्यायालयाचं सल्लागार मत मागायचं. विद्यार्थ्याला ते मागता येत नाही. ते मागू शकते संयुक्त राष्ट्रांची आमसभा. म्हणून त्यांनी आधी आपल्या सरकारांना पत्रं लिहिली. वानुआतूचं सरकार तयार झालं, मग शेजारची बेटं, मग एकेक करत शंभरहून अधिक देश. २९ मार्च २०२३ रोजी आमसभेने ठराव एकमताने मंजूर केला, आणि २३ जुलै २०२५ रोजी न्यायालयाने तितक्याच एकमताने मत दिलं. त्यातला आपल्या विषयाचा भाग असा: जीवाश्म इंधनाचं उत्पादन, त्याच्या शोधासाठी दिलेले परवाने आणि त्यावरचं अनुदान, यांवर राज्याने आळा घातला नाही तर तेही आंतरराष्ट्रीय कायद्याचं उल्लंघन ठरू शकतं. मत बंधनकारक नाही, पण यापुढे कुठल्याही देशातल्या खटल्यात ते वाचून दाखवता येईल. ज्यांच्याकडे आरमार तर सोडाच, मोठं बंदरही नाही, अशा बेटांवरच्या मुलांनी हे घडवलं.

जर्मनीत २०२१ मध्ये तरुण अर्जदारांच्या याचिकेवर घटना न्यायालयाने म्हटलं की २०३० नंतरचा सगळा भार पुढच्या पिढीवर ढकलणं हे त्यांच्या भावी स्वातंत्र्याचा संकोच आहे. सरकारने काही महिन्यांत कायदा बदलला आणि कार्बन-तटस्थतेचं वर्ष २०५० वरून २०४५ केलं. नदीकाठ जे मुदतीबद्दल म्हणतात, तेच न्यायालयाने घटनेच्या भाषेत म्हटलं.

आणि एक उलटा अनुभवही नोंदवते, कारण कलमं दोन्ही बाजूंनी चावतात. ऊर्जा सनद करार नावाचा नव्वदच्या दशकातला करार आहे. सरकारने धोरण बदललं आणि गुंतवणूकदाराचं नुकसान झालं, तर तो सरकारला लवादात खेचू शकतो. नेदरलँड्सने २०३० पर्यंत कोळशाची वीज बंद करायचा कायदा केला, तेव्हा २०२१ मध्ये आरडब्ल्यूई या जर्मन कंपनीने त्याच करारावर बोट ठेवून १.४ अब्ज युरोंची भरपाई मागितली. पुढे तो दावा मागे घेतला गेला, पण इतर सरकारांनी घ्यायचा तो धडा घेतलाच. जून २०२५ मध्ये युरोपीय संघ या करारातून बाहेर पडला. तरीही त्यात एक शेपूट आहे: बाहेर पडल्यानंतरही जुन्या गुंतवणुकींना २० वर्षं संरक्षण. १९९४ साली सही झालेल्या कागदाची सावली २०४५ पर्यंत. जे तेव्हा जन्मलेही नव्हते, ते आज त्या कलमाच्या विरोधात लढत आहेत.

---

पायवाट

मी २१ वर्षांचा आहे, विद्युत अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला. धाग्यातले सगळे माझ्या पिढीबद्दल बोलत आहेत, म्हणून लिहायचं धाडस करतो.

'तरुण' हा शब्द एकवचनी वापरला जातो, तिथेच गडबड होते. बॅटरीत लागणाऱ्या आणि जगातल्या खाणींतून निघणाऱ्या कोबाल्टपैकी सुमारे ७० टक्के काँगो लोकशाही प्रजासत्ताकातून येतं. तिथे हाताने खणणाऱ्यांमध्ये माझ्या वयाची आणि माझ्यापेक्षा लहान मुलं आहेत. त्यांच्याही हातात ऊर्जा संक्रमणच आहे, फक्त ते फावड्याच्या टोकाला आहे. मी बॅटरीवर प्रकल्प करतो तेव्हा दोघेही तरुण, दोघेही याच साखळीत. पण परिषदेत 'युवा प्रतिनिधी' म्हणून गेलो तर मी जाईन, तो नाही.

नॉर्वेतल्या फोसेनचं उदाहरण मला फार जवळचं वाटतं. तिथे सामी या मूलनिवासी लोकांच्या रेनडिअर चरण्याच्या जागेवर १५१ पवनचक्क्या उभ्या राहिल्या. ऑक्टोबर २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एकमताने सांगितलं की परवाने सामींच्या हक्कांचा भंग करतात. पाचशे दिवस झाले तरी चक्क्या फिरतच होत्या. मग फेब्रुवारी २०२३ मध्ये तरुण सामींनी ऊर्जा मंत्रालयात ठिय्या दिला, आणि हवामान कार्यकर्ती ग्रेटा थुनबर्ग त्यांच्या शेजारी येऊन बसली. पवनऊर्जेच्या विरोधात हवामान चळवळ? बातमी वाचून माझे वर्गमित्र चिडले होते. मीही गोंधळलो. नंतर कळलं की त्यांचा विरोध वाऱ्याला नव्हता, न विचारता जमीन घेण्याला होता. शेवटी जे समझोते झाले, त्यांत नुकसानभरपाई आहे, पर्यायी चराऊ जमीन आहे, आणि परवान्याची मुदत संपल्यावर ती वाढवायची का, यावर सामींना नकाराधिकार आहे. नदीकाठताई, तुम्ही म्हणता ते मुदतीचं कलम तिथे त्यांनी मिळवलं.

चक्क्या मात्र उभ्याच आहेत. हे जिंकणं आहे का, मला अजून सांगता येत नाही.

---

अभ्रक

पायवाट, तुझा प्रतिसाद या धाग्यातला सगळ्यात मोलाचा आहे. लिहीत राहा.

मी खनिजांच्या व्यापारात काम केलंय, त्यामुळे खाणवाल्या देशांच्या हातात किती पत्ते आहेत ते बघू. इंडोनेशियाने जानेवारी २०२० पासून कच्च्या निकेलची निर्यात बंद केली. निकेल हवं तर कारखाना इथे घाला, ही अट. युरोपीय संघ जागतिक व्यापार संघटनेत गेला, २०२२ मध्ये निकाल इंडोनेशियाच्या विरोधात लागला, त्यांनी अपील केलं आणि बंदी चालूच ठेवली. आज जगातलं निम्म्याहून अधिक निकेल तिथून येतं. कारखाने आले, नोकऱ्या आल्या. मात्र भांडवल मुख्यतः चिनी, आणि भट्ट्या चालतात त्यांच्यासाठीच उभारलेल्या कोळशाच्या वीजकेंद्रांवर. विजेवरच्या गाडीसाठी लागणारं निकेल कोळशाच्या आगीवर शिजतंय. तिथल्या किनाऱ्यावर मासेमारी करणाऱ्या तरुणाला हे संक्रमण लाल झालेल्या पाण्यातून दिसतं.

पण या ताकदीला कालमर्यादा आहे. तेलाला शंभर वर्षं पर्याय नव्हता, खनिजाला दहा वर्षांत पर्याय निघतो. लोह-फॉस्फेट बॅटरीत निकेलही नाही आणि कोबाल्टही नाही. २०२४ पर्यंत विजेवरच्या गाड्यांच्या बॅटरी बाजारात तिचा वाटा निम्म्याच्या जवळ आला. कोबाल्टचा भाव २०२२ नंतर कोसळला. काँगोने फेब्रुवारी २०२५ मध्ये निर्यातच थांबवली आणि ऑक्टोबरपासून कोटा लावला. भाव चढला हे खरं, पण असा धक्का बसला की बॅटरीवाले कोबाल्टशिवायची वाट आणखी जोराने शोधतात. जपाननेही तेच केलं होतं. २०१० मध्ये सागरी वादावरून चीनकडून दुर्मिळ मृदा खनिजं अडकली, तेव्हा जपानने ऑस्ट्रेलियातल्या लायनस कंपनीत पैसा घातला, कमी खनिजात चालणारी चुंबकं शोधली आणि चीनवरचं अवलंबन ९० टक्क्यांच्या आसपास होतं ते ६० टक्क्यांच्या आसपास आणलं. त्याला दहा वर्षं लागली. एका निवडणुकीत होणारं ते काम नव्हतं.

म्हणून खाणवाल्या देशांतल्या तरुणांना मी सांगेन, खनिजाच्या भावावर आयुष्य लावू नका. धातुशास्त्र शिका, पुनर्वापराचं तंत्र शिका. खाण संपेल, शुद्धीकरणाचं कसब राहील.

---

नदीकाठ

सगळ्यांचे मनापासून आभार. एकेकाला उत्तर देते.

तिसरा प्रहर, कोळशाचे आकडे मला मान्य आहेत. जुन्यावर नवं रचलं जातंय हे जगाच्या बेरजेत खरं आहे. पण बेरजेच्या आत हालचाल आहे. पाकिस्तानने २०२४ या एका वर्षात चीनकडून सुमारे १७ गिगावॉट क्षमतेची सौर पॅनेल्स आयात केली. त्यामागे मोठी राष्ट्रीय योजना नव्हती. ग्रीडची वीज महाग आणि बेभरवशाची झाली, पॅनेल स्वस्त झाले, आणि लोकांनी आपापल्या छतावर, शेतात ते बसवले. आता तिथल्या सरकारपुढे पेच असा, की औष्णिक केंद्रांशी केलेल्या दीर्घ मुदतीच्या करारांत वीज घ्या न घ्या, क्षमतेचे पैसे द्यावेच लागतात, आणि ते पैसे देणारे ग्राहक ग्रीडवरून कमी होत आहेत. छत नसलेल्या गरिबावर तो बोजा येतो. पुन्हा जुनी सही आणि नवी पिढी.

वीजवाहक, देखभाल आणि सॉफ्टवेअरचं कलम घेतलं. खरंच सुटलं होतं.

सही करायच्या खुर्चीत तरुण पोचला तर काय होतं, याचं एक उदाहरण चिलीचं आहे. गाब्रिएल बोरिच २०११ च्या विद्यार्थी आंदोलनातून पुढे आले आणि मार्च २०२२ मध्ये ३६ व्या वर्षी राष्ट्राध्यक्ष झाले. जगातल्या मोठ्या लिथियम साठ्यांपैकी एक त्यांच्या देशात, अताकामाच्या मिठागरात. एप्रिल २०२३ मध्ये त्यांनी लिथियममध्ये सरकारी भागीदारी हवी असं धोरण जाहीर केलं. सगळं ताब्यात घ्या म्हणणारे नाराज झाले, आणि सरकारने हातच लावू नये म्हणणारेही. अखेर सरकारी कंपनी कोडेल्को आणि खासगी एसक्यूएम यांच्यात भागीदारीचा करार झाला. मुदत २०२५ ते २०६०. आंदोलनातून आलेल्या माणसालाही पस्तीस वर्षांचीच सही करावी लागली. मी याला फितुरी म्हणत नाही. लिथियमच्या उद्योगाला पंधरा-वीस वर्षांच्या गुंतवणुकीशिवाय उभंच राहता येत नाही. पण आंदोलन आणि खुर्ची यांच्या मधली जी जागा आहे, मसुदा तयार होण्याची, तिथे तरुणांची तयारी सगळ्यात कमी असते असं मला वाटतं.

पैशाबद्दल कोणीच लिहिलं नाही, म्हणून थोडं. जगातल्या सर्वोत्तम सौर क्षमतेपैकी ६० टक्के आफ्रिकेत आहे आणि उभारलेल्या सौर क्षमतेपैकी जेमतेम १ टक्का. सुमारे ६० कोटी लोकांकडे वीज नाही. ऊन फुकट, पॅनेल स्वस्त, मग अडतं कुठे? व्याजदरावर. सौर प्रकल्पाचा जवळजवळ सगळा खर्च पहिल्या दिवशी असतो, आणि तिथे भांडवल श्रीमंत देशांच्या दुप्पट-तिप्पट महाग पडतं. २०२१ मध्ये ग्लासगोच्या परिषदेत दक्षिण आफ्रिकेला कोळशातून बाहेर पडायला ८.५ अब्ज डॉलर जाहीर झाले. गाजावाजा फार झाला. पहिल्या आराखड्यात त्यातलं अनुदान सुमारे ४ टक्के निघालं, बाकी बहुतेक कर्ज आणि हमी. मार्च २०२५ मध्ये अमेरिका त्यातून बाहेर पडली. आफ्रिका खंडाचं मध्यक वय १९ च्या आसपास आहे, म्हणजे निम्मे लोक त्याहून लहान. हे कर्ज कोण फेडणार ते वेगळं सांगायला नको. याबद्दल मला राग आहे, आणि तो लपवावासा वाटत नाही.

---

तिसरा प्रहर

वानुआतूच्या मुलांबद्दल मृगनक्षत्र यांनी लिहिलं ते वाचून मी माझा 'फसवणूक' हा शब्द मागे घेतो. ती चळवळ मी कमी लेखली होती.

पण दोन शंका राहतात. पनामाची खाण बंद झाल्याने तांब्याची गरज कमी झाली नाही. ते तांबं दुसरीकडून निघणार, जिथे कदाचित न्यायालय इतकं स्वतंत्र नसेल आणि मुलांना रस्त्यावर येता येत नसेल. लोकशाहीतल्या तरुणांनी नकार दिला की खाण हुकूमशाहीत सरकते, असं होणार नाही ना?

दुसरी शंका, जिंकून तरी काय उरतं? इक्वेडोरमध्ये यासुनीच्या जंगलातलं तेल जमिनीतच ठेवावं म्हणून तरुणांच्या यासुनिदोस गटाने २०१४ मध्ये साडेसात लाखांहून अधिक सह्या जमवल्या. निवडणूक यंत्रणेने लाखो सह्या बाद ठरवून मागणी फेटाळली. नऊ वर्षं झगडल्यावर ऑगस्ट २०२३ मध्ये सार्वमत झालं, सुमारे ५९ टक्के लोक त्यांच्या बाजूने उभे राहिले. विहिरी वर्षभरात बंद व्हायला हव्या होत्या. वर्ष सरलं तेव्हा सरकारने एका विहिरीपासून सुरुवात केली आणि उरलेल्यांसाठी आणखी अनेक वर्षं मागितली.

---

मृगनक्षत्र

दुसऱ्या शंकेवर: ज्यांनी सह्या जमवल्या ते आता तिशी-पस्तिशीत आहेत आणि अजून त्याच निकालाच्या अंमलबजावणीमागे आहेत. कागदावरचा विजय हा आमच्या क्षेत्रात अर्धाच विजय असतो, आणि उरलेला अर्धा फार कंटाळवाणा असतो. त्यासाठी टिकणारी माणसं कमी असतात.

पहिल्या शंकेवर माझ्याकडे उत्तर नाही. ती मलाही बरोबर वाटते.

---

अभ्रक

पहिल्या शंकेवर अर्धं उत्तर. खाण हवी की नको, या एकाच प्रश्नावर भांडण आलं की ते तसंच होणार. पण करार पुन्हा उघडताही येतो. काँगोने २००८ मध्ये चिनी कंपन्यांबरोबर सिकोमिन्स करार केला होता, खनिजाच्या बदल्यात रस्ते आणि रुग्णालयं. खनिज गेलं, रस्ते फारसे आले नाहीत. देशातून टीका वाढत गेली, सरकारी लेखापरीक्षणातून आकडे बाहेर आले, आणि २०२४ मध्ये अटी बदलल्या. पायाभूत सुविधांसाठीची रक्कम ३ अब्ज डॉलरवरून ७ अब्ज डॉलरपर्यंत गेली. ती प्रत्यक्षात खर्च होते का, हे बघायला तिथे कोणीतरी हिशेब तपासत बसावं लागेल. पण खाण बंद न करता अटी हलल्या, हे महत्त्वाचं.

---

पायवाट

मग माझ्यासारख्याने सुरुवात कुठून करायची? मला करार वाचता येत नाही. आमच्या अभ्यासक्रमात ट्रान्सफॉर्मर आहे, कलमं नाहीत. मुळात असे करार बाहेरच्या माणसाला बघायला तरी मिळतात का?

---

नदीकाठ

पूर्वीपेक्षा खूप जास्त मिळतात. खनिज आणि तेल उद्योगाच्या पारदर्शकतेसाठी २००३ पासून एक आंतरराष्ट्रीय उपक्रम चालतो, पन्नासहून अधिक देश त्याचे सदस्य आहेत. १ जानेवारी २०२१ नंतर केलेले किंवा बदललेले करार सदस्य देशांनी जाहीर करायचे, असा त्याचा नियम आहे. सगळे पाळतात असं नाही, पण शेकडो करार आज घरबसल्या उघडता येतात.

पहिल्यांदा वाचताना पानांच्या संख्येने घाबरू नकोस. व्याख्यांचं प्रकरण आधी ओलांड, नंतर परत ये. मुदत आणि मुदतवाढ बघ: वाढ आपोआप मिळते की कोणाच्या संमतीने. मग स्थैर्याचं कलम शोध. त्यात बहुधा लिहिलेलं असतं की सरकारने पुढे कर किंवा पर्यावरणाचे नियम बदलले तरी ते या प्रकल्पाला लागू होणार नाहीत. उद्याच्या संसदेचे हात आजच बांधणारं कलम ते हेच. मग भाव पडला किंवा चढला तर रॉयल्टी (खनिजामागे सरकारला मिळणारा वाटा) बदलते का ते बघ. खाण बंद झाल्यावर जमीन आणि पाणी पूर्ववत करायचा खर्च कोणाचा, आणि ते पैसे आधी बाजूला ठेवलेत का, हे बघ. वाद झाला तर तो कुठल्या देशात, कोणापुढे जाणार. आणि वीजवाहकांनी सांगितलेलं: देखभाल, प्रशिक्षण, सॉफ्टवेअर. तांत्रिक परिशिष्टं तुला माझ्यापेक्षा चांगली कळतील. तिथे मी अडते, खरं सांगते.

---

वीजवाहक

पायवाट, वीजखरेदीचा करार घेतलास तर परिशिष्टं मी बघून देईन. क्षमता आकार (वीज घेतली नाही तरी द्यायचे पैसे) आणि ऊर्जा आकार (घेतलेल्या विजेचे पैसे) यातला फरक आधी नीट समजून घे. नदीकाठ यांनी पाकिस्तानबद्दल लिहिलेला सगळा पेच त्या दोन शब्दांत आहे.

---

पायवाट

एक उघडलाय. लिथियमचा आहे. स्थैर्याच्या कलमापासून सुरुवात केली. त्यात 'कायद्यातील प्रतिकूल बदल' अशी संज्ञा आहे आणि तिची व्याख्या तीन वेगवेगळ्या ठिकाणी विभागलेली आहे. मृगनक्षत्रताई, असं मुद्दाम करतात की हीच पद्धत असते?

---

मृगनक्षत्र

दोन्ही. तिन्ही तुकडे जसेच्या तसे इथे टाक, रात्री बघते.